नकाशा मी सरळच धरला होता

"आमच्या लिलावगृहातील दरफलकाचा किस्सा मोठा गमतीचा आहे. फलक बसविण्याचे काम ज्यांच्याकडे होते त्या वयोवृद्ध पेंटरकाकांनी इमारतीचा नकाशा उलटा धरला, आणि उत्तरेच्या भिंतीवर लागायचा फलक दक्षिणेच्या भिंतीवर जाऊन लागला. सुदैवाने ही चूक शेतकऱ्यांच्या पथ्यावर पडली, आणि आज तोच फलक आमच्या बाजाराचे भूषण आहे."

हा उतारा वर्ध्याच्या आसपासच्या एका भाजीबाजार समितीच्या स्मरणिकेत छापून आला आहे. समितीचे नाव मी घेत नाही, कारण माझे भांडण उताऱ्याशी आहे, संस्थेशी नाही. लेखक समितीचे निवृत्त सचिव आहेत. त्यातील वयोवृद्ध पेंटरकाका म्हणजे मी. वयोवृद्ध हे विशेषण मला मान्य आहे. फलक बाजाराचे भूषण आहे, हेही मान्य. या दोहोंच्या मध्ये जे काही छापले आहे ते मला मान्य नाही, आणि ते का मान्य नाही हे सांगण्यासाठीच मी या अंकाची जादा पाने मागून घेतली आहेत. संपादकांनी माझ्याकडून व्यवसायातील आठवणी मागितल्या होत्या. आठवणी देतो, परंतु त्यांत हा हिशेब पुरा करून घेतो.

आधी माझा धंदा कोणता, ते सांगितले पाहिजे. मी मूळचा पाट्या रंगवणारा. खारीच्या केसांचा ब्रश, निळीत बुडवून भिंतीवर फटकारायची दोरी आणि डाव्या हातात धरून उजव्याला टेकू द्यायची काठी, एवढ्या भांडवलावर मी या जिल्ह्यातील दुकाने, दवाखाने, रसवंत्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या यांवर अक्षरे काढली. पुढे फ्लेक्स आले आणि माझ्या बरोबरीचे पुष्कळ पेंटर घरी बसले. मला घरी बसणे जमण्यासारखे नव्हते. दिव्यांच्या पाट्या येत आहेत असे कळले तेव्हा मी नागपूरला जाऊन त्या उघडून पाहिल्या, एक विकत आणली, ती सुटी केली, पुन्हा जोडली, आणि मग दुकानाच्या पाटीवरील 'पेंटर' या शब्दापुढे 'व डिजिटल फलक' असे स्वतःच्या हाताने रंगवले. ती पाटी बोरगाव मेघेच्या माझ्या घरावर अद्याप आहे. डिजिटल फलकांची जाहिरात ब्रशाने रंगवणारा जिल्ह्यात मी एकटाच, अशी थट्टा होते. होऊ द्या. त्या पाटीचा रंग अजून उडालेला नाही.

ज्यांना या कामाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डिजिटल फलक म्हणजे एकसंध वस्तू नव्हे. बारीक दिव्यांच्या चौकोनी तावदानांची ती फरशी असते. तावदाने एकमेकांना जोडून हवा तेवढा फलक करता येतो. पाठीमागे वीज कमी करून देणारे डबे असतात, आणि तळहाताएवढी एक पेटी असते, जी कोणता दिवा केव्हा लावायचा हे ठरवते. कार्यालयातील संगणकावर अक्षर टंकले की या पेटीला कळते आणि फलकावर ते उजळते. फलक बंद पडला की लोक म्हणतात दिवे गेले. दिवे सहसा जात नाहीत. विजेचा डबा जातो. आमच्याकडच्या वैशाखात लोखंडाला हात लावता येत नाही, तेथे त्या बिचाऱ्या डब्याने काय करावे? उरलेल्या तक्रारी धुळीच्या आणि पालींच्या. उबेसाठी पाल पेटीत शिरते आणि दोन तारांवर एकाच वेळी पाय ठेवते. या अपघाताचा दोष फलक बसविणाऱ्यास दिला जातो, पालीस नाही.

हे सर्व शिकता येते. जे शिकवून येत नाही ते म्हणजे फलकाची जागा. अक्षर किती मोठे असावे हे अंतरावरून निघते. परंतु माणसाचे तोंड कोणीकडे असेल हे कोणत्याही कोष्टकातून निघत नाही. त्यासाठी त्या जागेत जाऊन निमूटपणे बसावे लागते. पाट्या रंगवताना मला हे कळले नव्हते असे नाही. पण तेव्हा पाटीचा मजकूर वर्षानुवर्षे तोच राही, आज न वाचणारा उद्या वाची. दिव्यांच्या फलकावरचा मजकूर क्षणात जातो. जो त्या क्षणी पाहत नाही, त्याच्यापुरता तो लिहिलेलाच नसतो.

फलक नको तेवढा दिसला तर काय होते, याचाही अनुभव मी घेतला आहे. देवळीच्या रस्त्यावर एका मंगल कार्यालयाचे मालक आहेत, बंडूभाऊ म्हणू. त्यांना वधूवरांची नावे झळकवणारा फलक हवा होता. तो मी व्यासपीठाच्या डोक्यावर लावून दिला. मग त्यांच्या मनात आले की नावांखाली मुहूर्ताला किती वेळ उरला आहे हेही दिसावे, म्हणजे वऱ्हाड वेळेवर आत येईल. मी त्यांना सांगितले की वऱ्हाड फलकामुळे आत येत नसते. त्यांनी ऐकले नाही. पहिल्याच लग्नात नवरदेव बाहेर रस्त्यावर बँडपुढे नाचत होता, आत घड्याळ शून्यावर आले, आणि शून्यावर थांबायचे त्याला कोणी सांगितलेले नसल्यामुळे ते उणे आकडे मोजू लागले. लाल अक्षरांत. वधूचे मामा तळेगावचे, पुण्याजवळच्या नव्हे, श्यामजी पंतांच्या तळेगावचे. ते फलकाखाली उभे राहून बराच वेळ पाहत होते. शेवटी मला म्हणाले, "काऊन जी पेंटर, लगन उणं होऊन राह्यलं काय?"

त्यांचे वाक्य शेजारच्यांनी उचलले, तेथून ते वरपक्षाच्या खुर्च्यांपर्यंत गेले आणि वराचे चुलते रागाने उठून उभे राहिले. बंडूभाऊ मला फलक बंद कर म्हणून विनवू लागले. मी म्हटले, घड्याळ खरे सांगत आहे, ते मी का बंद करू? तेव्हा त्यांनी भटजींकडून जादा अंतरपाट मागून आणला आणि तो फलकावर टाकला. वधूवरांच्या मध्ये एक अंतरपाट आणि मुहूर्ताच्या व वऱ्हाडाच्या मध्ये दुसरा, अशा थाटात ते लग्न लागले. आता त्या फलकावर फक्त नावे येतात आणि जेवणाच्या दालनाकडे जाणारा बाण येतो. बाणाबद्दल कोणाची तक्रार नाही.

हे हसण्यावारी गेले. लिलावगृहाचे प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते, आणि सचिवसाहेबांनी ते हसण्यावारी नेले याचेच मला दुःख आहे.

त्या बाजारात पूर्वी रुमालाखालचा सौदा चाले. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. शेतकरी आपल्या भाजीचा ढीग लावून बसे. त्याच्या वतीने माल विकून देणारा आडत्या आणि माल घेणारा व्यापारी हे दोघे हातावर रुमाल टाकून, त्याखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवीत. तोंडाने एक शब्द निघत नसे. माल ज्याचा, त्याला भाव कळे तो माल पोत्यात भरला गेल्यावर. समितीने नवी इमारत बांधली तेव्हा ही पद्धत मोडायचे ठरवले. प्रत्येक ढिगाला क्रमांक द्यायचा, बोली उघड लावायची, आणि ढिगाचा क्रमांक व सर्वांत वरची बोली फलकावर दाखवायची. त्याबरोबर एक नियम केला. भाव फलकावर आल्यावर तो ज्याला मान्य नसेल त्या शेतकऱ्याने हात वर करायचा. मग बोली पुन्हा लागेल. हात वर झाला नाही तर त्याची संमती आहे असे धरून सौदा पक्का होईल.

नियम चांगला होता, आणि तो सचिवसाहेबांनीच हट्टाने करून घेतला होता. रुमालवाल्यांचा त्यांच्यावर किती राग होता हे मी पाहिले आहे.

नागपूरच्या सल्लागारांनी जो नकाशा दिला त्यात फलकाची जागा उत्तरेला, समितीच्या कार्यालयाच्या भिंतीवर, खिडकीच्या वर दाखवलेली होती. मी फलक तेथेच लावला. नकाशाप्रमाणे, पातळीत, चारही बोल्ट पक्के. पहिले काही आठवडे तो तेथेच होता. स्मरणिकेतील उताऱ्यात हे आठवडे गळाले आहेत. त्या भिंतीला पुढे गिलावा आणि रंग झाला, तेव्हा बोल्टांची भोके पुरावा म्हणून दाखवा असा आग्रह मी धरत नाही. मला त्याची गरजही नाही.

त्या आठवड्यांत कोणाचा हात वर झाला नाही. सचिवसाहेब खूश होते. त्यांना वाटले, लोकांना भाव पटतो आहे. मलाही तसेच वाटले. सर्वांत खूश होते ते नत्थूजी. नत्थूजी त्या बाजारातील जुने आडते, रुमालाखाली बोटे चालवण्यात त्यांचा हात कोणी धरत नसे. नव्या पद्धतीला त्यांनी आधी कडाडून विरोध केला होता. आता ते मला चहा पाजून म्हणत, "पेंटरजी, तुमच्या फलकानं तर भांडणंच संपवली." हे ऐकून मला संशय यायला हवा होता, असे आज म्हणणारे पुष्कळ भेटतात. तेव्हा म्हणणारा एकही भेटला नाही.

भेटल्या त्या इंदूबाई. देवळीच्या पुढे त्यांचे गाव; घरची सारी पिढ्यान्‌पिढ्या भाजी पिकवणारी माणसे. कारली, चवळीच्या शेंगा आणि सांबार, ज्याला तुम्ही कोथिंबीर म्हणता, घेऊन त्या दिराच्या गाडीतून बाजाराला येत. अंगाने किरकोळ, आणि जीभ अशी की हमाल त्यांच्या ढिगापाशी पाय आवरून चालत. मी विजेचा डबा बदलण्यासाठी शिडीवर होतो. खालून आवाज आला.

"पेंटर भाऊ, तुमचा फलक झकास हाय. पण माह्या पाठीले डोये नाईत."

मी शिडीवरूनच म्हटले, "मग मान वळवा, बाई."

"मान वळवतो. मंग कारल्याले कोण पाह्यते? तुमी?"

मी म्हटले, "पाहतो की. त्यात काय?"

"बसा मंग," त्या म्हणाल्या. "मी गाडीतले कॅरेट घेऊन येतो. अन् इकडं तिकडं पाहू नका."

म्हणून मी शिडीवरून उतरलो आणि त्यांच्या जागेवर बसलो. आता ती जागा कशी असते हे नीट समजून घ्यावे, कारण सगळा वाद तिच्यावर आहे. शेतकरी ढिगाच्या उत्तरेला बसतो आणि तोंड दक्षिणेला करतो. का, तर त्याची गाडी दक्षिणेकडे उभी असते आणि अर्धा माल गाडीत असतो. ढीग आणि गाडी एका नजरेत राहावी अशी एवढी एकच बसण्याची रीत आहे. पलीकडून बसला तर गाडी पाठीमागे जाते. आणि सौदा होईपर्यंत मालाकडे पाठ करायची नाही हा तेथील बायामाणसांचा नेम आहे. त्याला त्या लक्ष्मीचा मान म्हणतात; मी तेथे बसल्यावर मला त्याचा दुसराही अर्थ कळला.

मी बसताच एका व्यापाऱ्याच्या माणसाने वानगी म्हणून मूठभर कारली उचलली. त्याच्यामागून दुसऱ्याने. दुसऱ्याची मूठ पहिल्याहून मोठी होती. त्याला हटकतो तोवर एकाने ढीग तळापासून उपसून पाहिला आणि लहान कारली वर आणून ठेवली, म्हणजे माल हलका दिसावा. ती मी पुन्हा खाली सारली. शेजारच्या ढिगावर बोली चालली होती, पलीकडेही चालली होती, पत्र्याच्या छताखाली इतका गलका होता की कोण कशाची बोली बोलतो हे ऐकू येणे शक्य नव्हते. बोली ऐकू येत नाही म्हणून तर फलक लावलेला होता. मी डोळे ढिगावरून काढले नाहीत. माझ्याकडे एका बाईने तिचा माल सोपवला होता.

मग नत्थूजींचे हमाल पोती घेऊन आले आणि कारली भरू लागले.

मी म्हटले, "अरे, थांबा, सौदा कुठे झाला?"

नत्थूजी मागेच उभे होते. ते शांतपणे म्हणाले, "झाला ना जी. फलकावर भाव आला होता. कोणाचा हात वर नव्हता. तुमचाच फलक हाय, पेंटरजी."

मी मान वळवली. माझ्या डोक्याच्या मागे, मीच लावलेल्या फलकावर, पुढच्या ढिगाचा क्रमांक आला होता.

इंदूबाई कॅरेट घेऊन परतल्या. त्यांनी अर्धे भरलेले पोते पाहिले, भाव विचारला, आणि मग माझ्याकडे पाहिले. भाव वाईट होता. आठवडाभर तोडलेल्या मालाचा तो भाव नव्हे, हे मलाही कळत होते. मी वाट पाहत होतो की आता त्या मला काय काय म्हणतील. त्या मला एवढेच म्हणाल्या, "आता समजलं?"

आणि त्या त्याच पोत्यावर जाऊन बसल्या. सचिवसाहेब येईपर्यंत उठणार नाही म्हणाल्या. आजूबाजूच्या बायका आपापल्या ढिगापाशीच होत्या, त्या जागा सोडणाऱ्या नव्हत्या. पण बसल्या जागेवरून त्यांनी जो आवाज केला त्याने सचिवसाहेब कार्यालयातून बाहेर आले. लिलाव संपल्यावर कार्यालयात सुनावणी घेऊ, तोवर पोते हलणार नाही, असे त्यांनी सांगितले.

त्या सुनावणीत काय पणाला लागले होते हे स्मरणिकेच्या वाचकांना कोणी सांगितलेले नाही. एका पोत्याचा प्रश्न नव्हता. नत्थूजी मुद्देसूद बोलणारा माणूस. ते म्हणाले, नियम सर्वांना सारखा आहे. आज या बाईंचा सौदा मोडला तर उद्या प्रत्येकजण सौदा मोडायला येईल. फलक आहे, भाव दिसतो आहे, ज्याला पाहायचे नाही त्याला कोण काय करणार? आणि या फलकाचा कोणालाच उपयोग नसेल तर तो उतरवून ठेवावा. रुमाल वाईट नव्हता. समितीच्या सदस्यांपैकी काहींच्या माना हलल्या. म्हणजे फलक जाणार, रुमाल परत येणार, आणि आपला माल काय भावाने गेला हे शेतकऱ्याला पुन्हा पोते शिवल्यावर कळणार, असे जवळजवळ ठरत आले होते.

तेव्हा सचिवसाहेबांनी मला विचारले, "तुम्ही सांगा. फलक योग्य जागी आहे की नाही?"

आयुष्यभर माझ्या कामाला नाव ठेवणाऱ्याशी मी भांडत आलो आहे. फलकाच्या अक्षराबद्दल, उजेडाबद्दल, पातळीबद्दल कोणी ब्र काढला असता तर त्या दिवशीही भांडलो असतो. पण प्रश्न जागेचा होता, आणि मी त्या जागेवर बसून आलो होतो.

मी म्हणालो, "फलक नकाशाप्रमाणे लावला आहे. आणि तो चुकीच्या जागी आहे. मी लावलेला फलक मी ढिगापाशी बसलो असताना मला दिसला नाही. मला दिसला नाही तर त्यांना कसा दिसेल?"

सगळे हसले. नत्थूजी हसता हसता म्हणाले, "पेंटरजी, नकाशा उलटा तर नाही ना धरला तुम्ही?"

हे वाक्य तेथे जन्मले. वाचकांनी याची नोंद घ्यावी. ती आडत्याने हरता हरता केलेली कोटी होती. नत्थूजींनाही ती खरी वाटत नव्हती. तिच्यात दम एवढाच की ती हसू आणणारी होती, आणि लोकांना हसू आणणारी गोष्ट लक्षात राहते. पुढे ती चहाच्या टपरीवर गेली, तेथून लग्नाच्या पंगतीत गेली, आणि फिरत फिरत इतक्या वर्षांनी सचिवसाहेबांच्या लेखणीतून हकिकत होऊन उतरली.

परंतु हसू ओसरल्यावर त्या खोलीत जे घडले ते कोणाच्याच लक्षात राहिलेले नाही. स्वतः करणाऱ्याच्याही नाही. सचिवसाहेब उभे राहिले आणि त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. इंदूबाईंचा सौदा रद्द. आणि शेतकऱ्याला बसल्या जागेवरून भाव दिसेल अशा ठिकाणी फलक जाईपर्यंत, गप्प बसणे म्हणजे संमती असे धरले जाणार नाही. प्रत्येक ढिगापाशी जाऊन समितीचा माणूस तोंडी विचारील. सदस्य म्हणाले, याने लिलाव रखडेल. ते म्हणाले, रखडू द्या. आणि तो खरोखर रखडला, व्यापारी ओरडले, वरून विचारणा झाल्या, पण त्यांनी निर्णय बदलला नाही. इंदूबाईंची कारली त्याच दिवशी, थांबवून घेतलेल्या व्यापाऱ्यांपुढे, पुन्हा बोलीला लागली आणि त्यांनी समोर उभ्या राहून ती विकली.

म्हणून माझे म्हणणे असे की त्या उताऱ्याने सर्वांत मोठा अन्याय केला आहे तो त्याच्या लेखकावर. मला विसराळू म्हातारा ठरवले, ठीक आहे. पण नकाशा उलटा धरल्याने सर्व काही आपोआप झाले असे म्हटले की त्यांनी त्या दिवशी घेतलेला निर्णय पुसला जातो. खुर्चीवर असताना इतके सरळ वागणारी माणसे मी फार पाहिलेली नाहीत. त्यांचे उपकार मी मानतो, आणि ते त्यांना विसरू देणार नाही, त्यांची इच्छा असो वा नसो.

पुढे फलक दक्षिणेकडे गेला. तो कसा गेला, याचा तपशील मी मुद्दाम शेवटासाठी राखून ठेवतो. पहिल्या दिवशी काय झाले ते आधी सांगतो. मी पुन्हा शिडीवर होतो, काही गडबड झाली तर असावे म्हणून. इंदूबाईंचा क्रमांक फलकावर आला, खाली भाव आला. त्यांनी मान हलवलीसुद्धा नाही. ढिगावर नजर तशीच ठेवून डोळे थोडे वर केले, आणि हात उंच केला. बोली पुन्हा लागली. त्या दिवशी त्या रांगेत कितीतरी हात वर झाले. नत्थूजी माझ्या शिडीपाशी आले आणि म्हणाले, "बरोबर नाही केलं, पेंटरजी." पण त्या वेळी वरची बोली त्यांनीच व्यापाऱ्याकडून काढून घेतली. खरे सांगायचे तर पुढे त्यांचेही भले झाले; ज्यांना भाव दिसू लागला ते चांगला माल घेऊन त्यांच्याकडेच येऊ लागले. मागच्या पोळ्याला त्यांनी माझ्या घरी येऊन हे कबूल केले. कबूल करताना पुरणपोळी खाल्ली, हेही लिहून ठेवतो, कारण ते नाकारतील.

आणखी एक पाठभेद माझे जावई सांगतात. त्यांच्या मते फलकावर ऊन येत होते म्हणून तो हलवला. जावयांविषयी मला आदर आहे, परंतु ते त्या बाजारात कधी उजाडताना गेलेले नाहीत. फलकावर ऊन येईपर्यंत लिलाव संपलेला असतो आणि ढिगांच्या जागी झाडू फिरत असतो. सल्लागारांच्या कार्यालयातून असेही ऐकू आले की शेतकऱ्यांचे तोंड दक्षिणेला असते हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होते. असेल. मग त्यांनी ते आपल्या नकाशापासून लपवून ठेवले होते असे म्हणावे लागते.

मला खंत एकच आहे. स्मरणिकेत अध्यक्षांचे छायाचित्र आहे, सल्लागारांचे आभार आहेत, माझी थट्टा आहे, पण इंदूबाईंचे नाव नाही. मी स्मरणिका घेऊन मुद्दाम त्यांच्या मळ्यात गेलो. त्या चवळीच्या शेंगा तोडत होत्या. मी त्यांना तो उतारा मोठ्याने वाचून दाखवला. त्यांनी तोडणी न थांबवता ऐकला आणि म्हणाल्या, "लिहू द्या जी. पुस्तक वाचते कोण? भाव तर वाचतात ना लोक."

मी म्हटले, "तुमचे नाव नाही यात."

"माहं नाव काऊन पाह्यजे? माह्या ढिगाचा नंबर येते ना फलकावर." मग शेंगा पदरात टाकत म्हणाल्या, "तुमी उठून सांगतलं होतं, मले दिसला नाई म्हून. थे मले याद हाय. एवढं बस झालं. शेंगा घेऊन जाजा घरी."

त्यांनी पदरातल्या शेंगा माझ्या पिशवीत ओतल्या. मी नको म्हणालो नाही. माझ्या कामाबद्दल मला शाली मिळाल्या आहेत, नारळ मिळाले आहेत, एकदा चांदीचा मुलामा दिलेला ब्रशही मिळाला आहे. त्या पिशवीइतक्या कृतज्ञतेने मी दुसरे काही घरी आणलेले नाही. म्हणून त्यांना पुरे वाटले तरी मला पुरे वाटत नाही. मी भांडखोर म्हणून प्रसिद्ध आहे. निदान एक भांडण दुसऱ्याच्या नावासाठी करू द्यावे.

आता निकालाचा मुद्दा, आणि त्यानंतर मी लेखणी ठेवतो. सचिवसाहेबांचे म्हणणे असे की नकाशा उलटा धरल्यामुळे उत्तरेच्या भिंतीचा फलक मी दक्षिणेच्या भिंतीवर लावला. माझी त्यांना नम्र विनंती आहे की त्यांनी एकदा लिलावगृहात जावे, ढिगांच्या जागेवर बसावे आणि समोर पाहावे. दक्षिणेला भिंत नाही. नकाशात नाही आणि इमारतीतही नाही. गाड्या लागाव्यात म्हणून ती बाजू सुरुवातीपासून मोकळी आहे. छताला टांगला असता तर उन्हाळ्याच्या वावटळीत फलक झुलत राहिला असता, आणि नवे बांधकाम करायला समिती तयार नव्हती. फलक आज ज्यांवर उभा आहे ते दोन लोखंडी खांब इंदूबाईंनी आपल्या कारल्याच्या मांडवाच्या कोपऱ्यांतून उपसून, दिराच्या गाडीतून आणून दिलेले आहेत.